मी राखलेली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे. रुग्णालयाच्या तपासणी विभागामागे एक थंडगार खोली आहे. तिथे एका धिप्पाड सर्व्हरच्या पोटात माझा मुक्काम. रुग्णांचे अहवाल जपणारी डिस्क वेगळी. तिचा केवढा मान! माझ्या वाट्याला ना अहवाल, ना कौतुक.

माझी कामे दोन. सर्व्हरची मेमरी भरली, की तूर्त नको असलेले सामान तो माझ्याकडे टाकतो आणि लागले की परत मागतो. याला स्वॅप म्हणतात. 'जरा धर गं' म्हणणाऱ्या शेजारणीला कुणी नाही म्हणते का? दुसरे काम वर्षानुवर्षे येत नाही. सर्व्हर अचानक कोसळला, तर शुद्ध हरपता हरपता तो मेमरीतले सगळे माझ्या शेवटच्या भागात लिहून ठेवतो. त्यावरून त्याचे दुखणे कळते. म्हणून तो भाग रिकामा राखायचा असतो.

एकदा विभागाचे मोठे साहेब खोलीत आले. "एवढी जागा नुसती लोळत पडलीय? आमच्या समारंभाचे फोटो ठेवा की त्यात!"

सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी आढेवेढे घेतले, पण शेवटी साहेबच ते. निम्मी जागा त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांनी भरली. पुढे ताईंनी सर्व्हरची मेमरी चौपट केली आणि माझ्याकडे बघायचे मात्र राहून गेले.

मग एका भर दुपारी सर्व्हर कोसळला. तो भराभरा लिहू लागला, मीही घेत गेले, आणि मध्येच जागा संपली! त्या अर्धवट मजकुरातून काहीच उमगेना. आठवड्यात तीनदा असे झाले. बाहेर अहवालांसाठी माणसे ताटकळली. साहेब वैतागले, "म्हातारा झालाय हा. शनिवारी भंगारात काढा."

भंगारात, म्हणजे माझ्यासकट. मित्रांनो, मला फार भीती वाटली.

"साहेब, चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "मेमरी वाढवली, पण पडताना लिहायची जागा वाढवली नाही. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. आणि तुमचे फोटो हलवावे लागतील."

"सगळे?"

"सगळे."

फोटो गेले. ताईंनी मेमरीहून थोडी जास्तच जागा राखून ठेवली. गुरुवारी सर्व्हर पुन्हा पडला, आणि या वेळी अगदी शेवटचे अक्षरसुद्धा माझ्यात मावले. एवढे समाधान मला आयुष्यात कधी वाटले नव्हते. ताईंनी मजकूर उघडला आणि तासाभरात चोर सापडला. नव्या प्रिंटरसाठी घातलेला एक एवढासा प्रोग्रॅम! तो काढताच सर्व्हर ठणठणीत झाला. शनिवार आला तसा गेला.

आता माझा तो भाग पुन्हा रिकामा आहे आणि मी खुशीत आहे. मित्रांनो, तुमच्या आसपासही अशी एखादी जागा असेल. ती वाईट दिवसासाठी राखलेली असते. तिला बिनकामाची म्हणू नका.

परवा साहेब पुन्हा आले होते, नव्या समारंभाचे फोटो घेऊन. माझ्याकडे पाहून जरा घुटमळले. मग "राहू दे" असे पुटपुटत त्यांनी पेन ड्राइव्ह गुपचूप खिशात टाकला.