दत्तरावांचा रविवार

मुलगी बघायला जाताना मुलाकडच्यांनी भुकेलं दिसू नये, असा मानवतच्या दत्तरावांचा कायदा. तिथं दोन घास खायचे आणि बशी सरकवायची, म्हणजे घर खातंपितं आहे हे समोरच्यांना कळतं. मात्र वाटेत हॉटेलात जेवून आलो हे कळू द्यायचं नाही, तो यजमानांचा अपमान. पोट भरलेलं हवं, पण तसं दिसायला नको. दत्तराव कापसाचे अडते. भिजलेला माल कोरडा दाखवण्यात हयात गेलेली, त्यामुळे त्यांना यात अवघड काही वाटत नाही.

मी निवृत्त मास्तर, सोयरिकी जुळवतो. हजेरी मांडायची सवय सुटलेली नाही. दत्तरावांचा हरिओम चौतीस वर्षांचा, बघून झालेल्या मुली नऊ. दोन यांनी नाकारल्या, सात जणींनी याला. दत्तराव हे आकडे उलटे सांगतात. दहावी बोरीची वैष्णवी, स्वतःचं औषधाचं दुकान चालवणारी. निघताना हरिओमनं मला गाडीमागं ओढलं. "गुरुजी, फोनवर बोललोय मी तिच्याशी. मला हीच करायची हाय. बाबाला तेवढं सांभाळा."

सांभाळायचं बरंच होतं, कारण वैष्णवीनं मला आधीच एक अट घातली होती. "गुरुजी, घरी आल्यावर सगळेच देव्हाऱ्यातल्यासारखे बसतात. पोहे खाताना माणूस काय कळतंय? येताना माझ्या मावशीच्या हॉटेलात जेवू घाला त्यांना. कुणाचं हॉटेल हाय ते सांगू नका."

म्हणून वाटेतलं झरी गाव सोडल्यावर मी म्हणालो, "दत्तराव, इथं शिवार म्हणून हॉटेल आहे. भाकरी लय झकास मिळते."

पुढं परमिट रूम, मागं पडदे लावलेल्या फॅमिलीच्या खोल्या. पुढचं नवरा बघतो, मागचं कुसुमबाई, म्हणजे वैष्णवीची मावशी. चुलीशेजारच्या काळ्या फरशीवर ती भाकरीगणिक पिठाची रेघ ओढते. एरवी खोलीला एक रांग, त्या दिवशी माणसाला एक.

काळ्या मसाल्याची गावरान कोंबडी आली, भाजलेल्या डाळीच्या पिठाची येसर आमटी आली, ठेचा आला. दत्तरावांनी बाह्या वर केल्या.

"घ्या, इथंच घ्या. तिथं हावरटपणा न्हाई पाहिजे."

चौथ्या भाकरीनंतर ते हात धुवायला म्हणून पुढं गेले आणि तोंडात बडीशेप घेऊन परतले.

"हात धुवायला अर्धा तास?" राजेश्रीबाईंनी विचारलं. दत्तरावांशी पस्तीस वर्षं संसार केलेली बाई.

"नळाला पाणी बारीक हाय."

"वास लय जाड हाय मग त्या पाण्याला."

हरिओम खाली मान घालून जेवत होता. सहावी संपली तशी राजेश्रीबाईंनी आपल्यातली अर्धी त्याच्या ताटात टाकली. कुसुमबाई सातवी घेऊन पडद्याशी उभी राहिली. त्यानं भाकरीकडं बघितलं, मग बापाकडं. दत्तरावांनी डोळे वटारले आणि भाकरी परत गेली.

मी एकच खाल्ली. पुढं काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक होतं.

बोरीला वैष्णवीच्या वडलांनी, योगीरावांनी, पोहे काढलेच नाहीत. थेट ताटं मांडली. पुरणाचा वास आल्याबरोबर दत्तरावांचा चेहरा पडला. दोन घासांचा कायदा पुरणपोळीला पुरेना, तेव्हा ते म्हणाले, "आमचा रविवार असतो. सगळ्या घराचाच उपास."

राजेश्रीबाईंनी नवऱ्याकडं वळून बघितलं. हा उपास त्यांनाही तेव्हाच कळत होता.

"मग सांगायचं न्हाई का आधी?" म्हणत योगीरावांची बायको उठली. अर्ध्या तासात भगर आणि शेंगदाण्याची आमटी समोर आली. उपासाच्या माणसाला उपाशी पाठवायची त्या घराची रीत नाही. दत्तरावांनी दोन वाढपं कशीबशी संपवली, तिसऱ्याला नुसते हात जोडले. मी पुरणपोळी खाल्ली. मास्तरला रविवार नसतो.

मग दोघांना बोलायला माडीवर पाठवलं. अशा वेळी माझी जागा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. तिथून दिसत नाही, ऐकू येतं.

"तुमीबी रविवार धरता?" वैष्णवीनं विचारलं.

हो म्हटलं तर ती गेली, नाही म्हटलं तर बाप उघडा पडला. पहिलं फक्त मला माहीत होतं, दुसरं त्यालाही.

"न्हाई," हरिओम म्हणाला. "वाटेत कोंबडी खाऊन आलोय. साडेसहा भाकरी. सातवी पाहिजे होती, पण मागितली न्हाई."

"साडेसहा?"

"अर्धी आईच्या ताटातली."

"मावशीनं तर सहाच कळवल्यात," ती म्हणाली आणि मोबाइल त्याच्यापुढं धरला असावा.

"ती बाई तुमची मावशी?"

"सख्खी. आणि वडील तुमचे किती वेळ पुढच्या खोलीत होते?"

"ते मी न्हाई सांगणार."

"नका सांगू. तेबी आलंय लिहून."

मग ती हसली. मी पायरी सोडली.

आठ दिवसांत सुपारी ठरली. रविवारचाच दिवस मिळाला, दुकान बंद ठेवायला सोपं. मधल्या आठवड्यात दत्तराव मानवतच्या मोंढ्यात, कापसाच्या बाजारात, सगळ्यांना सांगत होते की उपासामुळं जमलं, मोठं घराणं संयमावरून ओळखू येतं.

सुपारी फुटली, पंगत बसली. बोकड पडला होता, भाकरीचा धूर अंगणभर. वाढायला कुसुमबाई. सगळ्यांना वाढत ती दत्तरावांपाशी आली आणि त्यांच्या ताटात भगर ओतली.

दत्तरावांनी मान वर केली. ओळख पटायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला.

"बाई, तुमी त्या..."

"व्याही, रविवार हाय तुमचा," कुसुमबाई म्हणाली. "मोडायचा न्हाई."

शेजारी हरिओम सातवी भाकरी मोडत होता. दत्तरावांनी भगरीत बोटं घातली, मग माझ्या कानाशी झुकले.

"गुरुजी, जाताना त्या शिवारला थांबता येईल का?"

"बंद आहे आज," मी म्हणालो. "बाई इथं आहे."