काजळी बसू नये म्हणून

पाणी

ओल्या लाकडातून आधी पाणी निघतं. टोकाला फेस येतो, फुसफुस आवाज होतो, आणि ते उकळून जाईपर्यंत आग तापतच नाही. अर्धवट जळलेलं बरंचसं धुराड्यातून वर जातं, उरलेलं खोलीत.

हे मुलीनं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "जन्म गेला माझा लाकडात. आता तू मला लाकूड शिकव."

बाबा सुतार. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. हात थरथरायला लागले तसं काम सुटलं, लाकूड सुटलं नाही. पाडलेल्या घरांच्या चौकटी, रंगवलेल्या खिडक्या, प्लायवूडचे तुकडे, जे मिळेल ते उचलून आणतात आणि पुढच्या खोलीतल्या लोखंडी शेगडीत घालतात. झोपायच्या आधी शेगडीची झडप लावून टाकतात. हवा कोंडली की एक ओंडका सकाळपर्यंत पुरतो. याला ते 'विस्तव निजवणं' म्हणतात. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, असं त्यांचं ठाम मत.

मुलगी हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाबा तिला धूरमास्तरीण म्हणतात.

आईचा पलंग शेगडीला लागून. तिला थंडी सोसत नाही. हल्ली श्वासही सोसत नाही.

कार्बन मोनॉक्साइड

रंग नाही. वास नाही. सकाळी डोकं जड.

"वय झालं," आई म्हणते.

डॉक्टर

"किती दिवस खोकला आहे?"

"तसा नाहीये खोकला," बाबा म्हणाले.

"जिना चढताना दम लागतो?"

"आमच्याकडे जिनाच नाही."

"मी त्यांना विचारतोय. आजी, सिगारेट वगैरे कधी ओढलीत?"

"छे हो!" पुन्हा बाबाच. "आमच्या घरात ओढतात ती फक्त काडी. शेगडी पेटवायला."

डॉक्टर हसले नाहीत. फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "छाती तर पक्क्या विडीबाजाची आहे."

आई लाजली. चोरी पकडली गेल्यासारखी.

सूक्ष्म कण

केसाच्या जाडीचा तिसावा भाग. नाकाला अडवता येत नाहीत, घशाला अडवता येत नाहीत, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. काही तिथूनही पुढे, रक्तात.

"दिसत नाहीत ना? मग तुला कसं कळलं?" बाबा म्हणाले.

"दाखवते."

तिनं प्रयोगशाळेतून यंत्र आणलं. छोटी पेटी, आत पंप. खोलीतली हवा ओढायची आणि पांढऱ्याशुभ्र चकतीतून गाळायची. जे गाळलं जाईल ते चकतीवर.

"पैज," बाबा म्हणाले. "काळी निघाली, तर ही शेगडी मी माझ्या हातानं उचलून बाहेर टाकतो. पांढरी निघाली, तर तू तोंड शिवायचं. कबूल?"

"कबूल."

आईनं दोघांकडे पाहिलं. कुणी तिला काही विचारलं नव्हतं. आठवडाभर तिच्या उशाशी स्टुलावर पेटी घरघरत राहिली.

चकती पांढरी निघाली.

तोंड शिवणं

"दूध आहे दूध!" चकती चिमट्यात धरून बाबा शेजाऱ्यांना दाखवून आले. "सरकारी यंत्र. खोटं बोलत नाही."

मुलीनं चकतीचं वजन केलं, पुन्हा केलं, पंप उघडून पाहिला. सगळं ठीक.

साखर

त्या घरात सगळं झाकलेलं असतं. रेडिओ झाकलेला, शिवणयंत्र झाकलेलं, पाण्याचं भांडं झाकलेलं. कुणी येणार असलं की आई सगळी फडकी काढून घडी करून ठेवते. घर कसं उघडं, प्रसन्न दिसावं.

पुढच्या रविवारी मुलगी न सांगता आली. आई बादलीत फडकी भिजत घालायच्या बेतात होती. त्यातलं एक चार पदरी घडीचं, वरून तव्याच्या बुडासारखं काळं.

"हे कशावरचं?"

"तुझ्या यंत्रावरचं. नवीकोरी वस्तू, परत द्यायची. काजळी बसू नये म्हणून झाकून ठेवलं होतं हो."

मुलगी हसायला लागली. मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

तिनं फडकं पिशवीत घालून नेलं. त्यात लेव्होग्लुकोसान सापडलं. लाकूड जळताना त्यातल्या तंतूंपासून बनणारी ही एक प्रकारची साखर; धुराच्या अंगठ्याचा ठसाच. बेंझोपायरीन सापडलं, ज्यानं कर्करोग होतो. शिसं सापडलं: जुन्या खिडक्यांचा रंग.

बाबांनी तपासणीचा कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला.

"पैज चकतीची होती. फडक्याची नव्हती."

"बाबा, आई हे रोज आत घेतेय!"

"ते फडकं. ती तुझी आई. उगाच कशाचं कशाला जोडतेस?"

"आई, तू तरी बोल."

आई उशीचा अभ्रा सरळ करत राहिली. "इतकी वर्षं निजवतायत," ती म्हणाली. "मी कुठे उठवू आता?"

धुमसणं

भडकलेली आग कमी धूर करते. कोंडलेली आग धुमसते, आणि सगळ्यात जास्त विष त्या धुमसण्यात.

हे लाकडाबद्दल आहे. आई कधी भडकली नाही.

ऑक्सिजन

थंडी सरता सरता आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडलं ते नाकात नळी घालून. पाठोपाठ कंपनीचा माणूस ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आला. त्यानं नळ्या जोडल्या, काटा पाहिला आणि भिंतीवर एक कागद चिकटवला: ज्योतीचं चित्र, त्यावर लाल फुली.

मग त्याची नजर शेगडीवर गेली.

"काका, हे बंद. घरात विस्तव नको, काडीसुद्धा नको. भडका उडेल."

बाबा ताडकन उठले. घमेलं आणलं, निखारे ओढले, अंगणात नेऊन पाणी ओतलं. परत येऊन राख भरली, झडप लावली. एकदाही वाद नाही. हात धुऊन ते मुलीवर खेकसले, "असं धोक्याचं असतं, तर आधी सांगायचं नाही का?"

मुलीनं आईकडे पाहिलं. आई हसत होती; नळी नाकातून निसटेपर्यंत.

खोली गार पडली. आईनं आणखी एक रजई मागितली. बाबांनी स्वतःची काढून तिच्या अंगावर घातली, पायांखाली नीट खोचली. मग कपाटातून एक धुतलेलं फडकं काढलं आणि शेगडीवर पसरलं. चारही कोपरे ओढून सारखे केले.

"आता हे कशाला?" मुलीनं विचारलं.

"धूळ बसेल. नंतर लागेल ना."

"नंतर म्हणजे कधी, बाबा?"

ते फडक्याची सुरकुती काढत राहिले. आईनं डोळे मिटून घेतले होते. पण ती जागी होती.