कडेचा टाका

"अक्का, फोन मन्हा कानजोडे धरा. हातमा सुई शे."

ताईबाईने लेकीच्या उशाशी उभं राहून डॉक्टरांना लावलेला फोन रतिलालच्या कानाजवळ धरला. तो सारखा कानावरून सरकत होता, म्हणून त्याने तिला स्पीकर लावायला सांगितलं. टेबलावर दिपमाला होती, एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली. गोठ्यात गोऱ्हा सोडताना त्याने मान झटकली आणि शिंगाच्या टोकाने तिची उजवी नाकपुडी फाडली.

रतिलाल त्या ग्रामीण रुग्णालयात सव्वीस वर्षं ड्रेसर होता, मलमपट्टी करणारा. शनिवारी दुपारनंतर डॉक्टर ललित जळगावला घरी जात. मग येईल ती जखम रतिलालने शिवायची आणि सोमवारी डॉक्टरांनी कागदावर सही करायची, ही तिथली रीत. लोकांची तक्रार नव्हती. शिंदखेड्याकडून येणारे पेशंट आधी "रतिलालभाऊ शे ना?" असं विचारत आणि मगच रिक्षातून उतरत.

नाकपुडी शिवताना पहिला टाका तो कडेला घाली. कड जुळली की बाकीचं जागेवर येतं. केसभर चुकली तर खाच जन्मभर दिसते. तीन वर्षांपूर्वी नव्याने आलेल्या ललितला हे त्यानेच शिकवलं होतं, हात धरून.

आज कड जुळली होती. शेवटच्या टाक्याआधी त्याने बॅटरीच्या उजेडात नाकाच्या आत पाहिलं आणि तो थांबला. मधला पडदा दोन्ही बाजूंनी जांभळा होऊन फुगला होता. कापसाच्या काडीने दाबलं तर मऊ लागला.

"सर, पडद्यात रक्त साकळलंय. आजच काढायला हवं. राहिलं तर आतलं मऊ हाड सडतं, नाक बसतं."

"सूज असेल हो, रतिलालभाऊ," फोनवरून डॉक्टर ललित म्हणाले.

"सूज अशी दबत नाही, सर. ते काम माझं नाही, मी हात लावणार नाही. धुळ्याला पाठवू?"

फोनमधून पंगतीचा गलका ऐकू येत होता. "धुळ्याला पाठवलं की विचारणार, ड्यूटीवर कोण होतं. बर्फ ठेवा. सोमवारी मी काढतो. माझी जबाबदारी."

फोन बंद झाला. ताईबाई म्हणाली, "भाऊ, आमी आपले जाऊ का धुळे? गाडी करसु."

रतिलालने हातमोजे काढले. डॉक्टरांच्या शब्दापलीकडे तो कधी गेला नव्हता. "सायेब सोमवार म्हने, तं सोमवारले दखू," तो म्हणाला. या वाक्यासाठी पुढे त्याने स्वतःला माफ केलं नाही.

सोमवारपर्यंत रक्ताचा पू झाला होता. डॉक्टरांनी तो काढला. पाचव्या दिवशी रतिलालने टाके काढले तेव्हा कडेवर बारीक रेघ तेवढी होती. पण दीड महिन्यात नाकाचा मधला भाग खाली गेला, ओल्या मातीवर कुणी अंगठा दाबावा तसा. मुलाकडच्यांनी लग्नाची तारीख पुढे ढकलली, मग फोन उचलणं बंद केलं. दिपमालाचा मामा तालुक्याला जाऊन तक्रार देऊन आला.

चौकशीला जिल्ह्याहून दोन अधिकारी आले.

"ड्रेसरचा फोन आला होता," डॉक्टर ललित म्हणाले. ते रतिलालच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. "नाकपुडी फाटलीय, एवढंच सांगितलं. पडद्याचा विषयच नव्हता. असता तर तिथल्या तिथे धुळ्याला पाठवायला सांगितलं असतं. टाकेही त्याने माझ्या परवानगीशिवाय घातले."

 रतिलाल घाबरला नाही. "फोन या बाईंनी धरला होता, साहेब. स्पीकरवर. त्यांना विचारा."

ताईबाईने पदर ओढून घेतला. "माले काही आयकू नई उनं," ती म्हणाली. "पोरकडे दखू का फोनकडे?"

अधिकाऱ्याने तसं लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यामागोमाग आली. "भाऊ, डॉक्टर परवा घर येल व्हता. पोरनं नाक मुंबईले करी देसु म्हने, वळखना डॉक्टर शे म्हने. मंग मी काय करू?"

 तिला शिवी द्यावी असं रतिलालला वाटलं, पण ती तोंडात आली नाही. "नाकसाठे कानमाईन मऊ हाड काढतीन," अखेर तो म्हणाला. "त्या कानवर निजू देऊ नका."

दिपमाला खांबाला टेकून उभी होती. नाकावरून ओढणी घेतलेली.

"आबा, मी फोनवरनं बठ्ठं आयकं व्हतं," ती रतिलालला म्हणाली. "नाक बधिर व्हतं, कान नई. माले कोनी इचारंच नई."

ताईबाई चमकून बघू लागली. आत कपबशा वाजत होत्या. अधिकारी चहा घेत होते. दिपमालाने ओढणी काढून खांद्यावर टाकली. "जाऊ का सांगाले?"

ती निघालीच. रतिलाल दोन पावलांत तिच्या पुढे गेला.

"ऑपरेशन कधी शे?"

"येता बुधवारले."

"मंग गुरुवारलगून तू काहीच आयकं नई. समजनं?"

ती बाजूने जाऊ पाहत होती. तो हलला नाही. आतून खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज येईपर्यंत तो दाराला पाठ लावून तसाच उभा राहिला.