हत्ती नसलेली भिंत

मी अचलपूरच्या माळीपुऱ्यातली एक जुनी मातीची भिंत आहे. मित्रांनो, भिंतीला कान असतात हे तुम्ही ऐकलेच असेल. पण तिला अंगही असते, आणि त्या अंगावरून कोणाचा हात फिरला हे ती विसरत नाही. माझ्या अंगावरून नत्थुजी चिताऱ्यांचा हात फिरला, हे माझे भाग्य.

वऱ्हाड मध्य प्रांतात होता तेव्हाची ही गोष्ट. पंजाबराव आणि तानुबाई वांगी, मेथी, झेंडू पिकवून बाजारात विकत. त्यांनीच मातीत भुसा तुडवून मला उभे केले. पुढे त्यांची लेक सुभद्रा हिचे लग्न ठरले. लग्नघराच्या दाराशी भिंतीवर सोंड उंचावलेला हत्ती रंगवलेला हवाच, आणि हत्ती म्हणजे नत्थुजींचा. तारीख धरायची तर लोक आधी नत्थुजींना विचारत, मग भटजींना!

पण त्या हिवाळ्यात नत्थुजींच्या उजव्या हातावरून वारे गेले होते. बोटे थरथरत. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते, कारण कळले असते तर पुन्हा कोणी बोलावले नसते. हत्तीची पाठ काढायला घेतली आणि रेघ भलतीकडेच गेली. पुसून पुन्हा काढली, ती आणखी बिघडली. म्हाताऱ्याने कपाळ माझ्यावर टेकवले. मला फार वाईट वाटले.

मग त्यांनी कुंचला ठेवला, चिंधीचा बोळा गेरूत बुडवला आणि हात जाईल तसा जाऊ दिला. दाराजवळ गेरूचा दाट, उबदार ढीग झाला. त्यातून काजळीचा एक रुंद पट्टा निघाला आणि थरथरत दूरवर गेला. वर निळीचे ओघळ उतरले. पट्ट्याच्या पार टोकाला हळदीचा एकच ठिपका पडला. मित्रांनो, इतका जिवंत रंग माझ्या अंगाला कधी लागला नव्हता.

पंजाबराव बाजारातून आले आणि बघतच राहिले.

“नत्थुजी, हत्ती कुठी हाये?”

नत्थुजींनी उजवा हात उपरण्यात लपवला. दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीने नवरदेवाचे वऱ्हाड येणार होते. व्याही हसतील, म्हणून पंजाबरावांनी चुन्याची बादली आणवली. तेवढ्यात तानुबाई बाहेर आल्या. माझ्यासमोर थांबल्या, जवळ आल्या, मागे सरकल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

“त्या पिवळ्या ठिपक्याले पुसू नका,” त्या म्हणाल्या. “आपली सुभद्रा हाये ते. घर इकडे राह्यलं, अन् पोरगी एकलीच निंगाली.”

पंजाबराव जवळ येऊन पाहू लागले. काळ्या पट्ट्यात मात्र त्यांना नुकतेच ओलवलेले आपले वावर दिसू लागले. दोघांपैकी खरे कोणाचे, असे त्यांनी विचारले.

“मले नका इचारू,” नत्थुजी म्हणाले. “मी हत्तीच काढाले बसलो होतो. हात आयकेना, मंग मी हाताच्या मांगं गेलो.”

बादली परत गेली. दुसऱ्या दिवशी कोणी मला मोर्शीची संत्र्याची बाग म्हटले, कोणी मावळती. व्याह्यांच्या वादात पंगत थंड झाली. हसणारेही होते, पण तेसुद्धा जागचे हलले नाहीत. गर्दी ओसरल्यावर नत्थुजी तानुबाईंना म्हणाले, “जनमभर हत्ती काढले, बाई. लोक पाह्यत अन् मांडवात जात. उभं कोनी नाई राह्यलं.”

पुढे पोपडे सुटले, नीळ उडाली, कोणी मला टेकवून खाटा ठेवल्या. माझी तक्रार नाही. इतकेच मागणे आहे, मित्रांनो: न कळणारे चित्र भेटले तर ‘यात काय काढले आहे’ असे विचारण्याआधी थोडे समोर थांबा. काढणाऱ्याने त्यात जीव ओतलेला असतो, आणि त्याला कोणीतरी थांबलेले हवे असते.