राहून गेलेला उखाणा

“नाव घे वैनी, तवाच दार सोडीन!”

नणंद साळूचा हा आवाज राहीबाईच्या कानात पन्नास वर्षं मुक्कामाला होता. अकरा वर्षांची नवरी उंबऱ्याशी उभी, आणि साळू दारात दोन्ही हात पसरून आडवी. नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंफल्याशिवाय आत पाऊल नाही. नवरीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मुंडावळ्या सावरल्या आणि गोठ्याच्या दारानं, म्हशीच्या पोटाखालून घरात शिरली. माप ओलांडायचं राहिलं, उखाणाही राहिला.

पुढं नवरा अधूनमधून म्हणायचा, “एकदा तरी घे की नाव.”

“घेईन कवातरी. नाव काय पळून चाललंय व्हय?”

नाव नाही पळालं. चार वर्षांमागं नावाचा धनीच गेला. आता विधवेनं कसला उखाणा, म्हणून राहीबाईनं ते नाव पोटात ठेवलं, मूठभर बियाणं गाडग्यात जपावं तसं.

त्या वर्षी देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. बेलापूरजवळच्या वाडीतल्या शाळेत मुक्ताबाई नावाच्या बाई पहिलीला शिकवीत. त्यांनी पोरांना सांगितलं, “आपलं घर आणि आपला देश! स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत ज्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं, ते त्यांनीच येऊन सांगायचं. मग आपण ते भिंतीवर रंगवू, नावानिशी.”

म्हणून नात कला आजीला पदर धरून शाळेत घेऊन आली. राहीबाई सतरंजीवर बसली, आणि बसल्या बसल्या तिला सूर सापडला.

“बेचाळीस साल. बाजाराचा दिस. ह्यांनी काय केलं, भिमाजी पाटलाचा बैल सोडला, शिंगाला झेंडा बांधला अन् दिला बाजारात हाकलून. झेंड्यातलं हिरवं माज्या चोळीचं, पांढरं ह्यांच्या धोतराचं अन् भगवं गोसाव्याकडनं मागून आणल्यालं. बैल पुढं, हवालदार मागं. बैल वळला की हवालदार कांद्याच्या ढिगात!”

पोरं खदखदली. “मग गं आजी?”

“मग ह्यांना चौकीत कोंडलं. मी भाकरी घेऊन गेले. हवालदार म्हणला, कुणाला द्यायची? नाव सांग. म्या म्हणलं, आत हायेत त्यास्नी. आत सात जण! सातांनी वाटून खाल्ली. सुटून आल्यावर म्हणतात कसे, ‘इंग्रजाच्या काठीनं मेलो न्हाई, पण तुझ्या लाजेनं उपाशी मारलं बघ!’”

बाईसुद्धा हसल्या. तेवढ्यात भिमाजी पाटलाची नात लंका कमरेवर हात ठेवून उठली.

“बैल कुणाचा?”

“तुमचा गं बाई.”

“मग झेंडा बी माज्या आज्यानंच बांधला. आमचा बैल परक्याला शिवू देत न्हवता!”

“खोटं!” कला ओरडली. “मच्छिंद्र आज्यानं बांधला!”

“तू तवा जन्मली तरी हुतीस का?”

बाई आपल्याच नियमात अडकल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘बैल : भिमाजी पाटील यांचा. झेंडा बांधणारे :’ आणि खडू तिथंच थांबला. “आजी, तुम्हीच सांगा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.”

“ह्यांनी बांधला.”

“ह्यांनी म्हणजे कुणी?”

“कलीच्या बापाच्या बापानं.”

“अहो, भिंतीवर तसं कसं लिहू? उद्या रंगारी येणार आहे.”

“लिवा की बाई,” लंका म्हणाली, “भिमाजीच लिवा. वरचंच खाली घ्यायचं.”

सगळा वर्ग त्या मोकळ्या जागेकडं बघत होता. राहीबाई उठली. “चुलीवर दूध हाय माजं,” म्हणत चपला शोधू लागली. घरात दुधाची म्हैस राहिली नव्हती, हे कलाला ठाऊक होतं. ती पळत जाऊन दारात उभी राहिली, दोन्ही हात पसरून. आवाज खणखणीत.

“नाव घे आजे, तवाच दार सोडीन!”

राहीबाई जागच्या जागी थिजली. तोच आवाज. तेच पसरलेले हात, फक्त बांगड्या लहान. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शाळेला खोली एक, दार एक. म्हैसही कुठं दिसेना. मागं वळून पाहिलं तर खडू अजून हवेत होता, आणि ती रिकामी जागा चौकीच्या गजाआडून कुणीतरी भाकरीची वाट बघावी तशी बघत होती.

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, अगदी कपाळापर्यंत. कान लाल झाले. मग एकसष्ट वर्षांची नवरी उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली,

“पाटलाच्या बैलाच्या शिंगाला तिरंगी पट्टी,
मच्छिंद्ररावांचं नाव घेते, द्या आता मला सुट्टी!”