तळघरातल्या आत्याची किंचाळी मीच

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही. पण मला ऐकून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकदा तरी पांघरुणात तोंड खुपसलेलं आहे. ते कसं, हे सांगायला आज मी उभा आहे. तसा मी रोजच उभा असतो. कपाटाला बसायची सोय नसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि त्यावर शेवाळी रंग फवारला. शेवटी दारं बसवायची होती. डाव्या दाराची वरची बिजागरी बसवताना तिची खीळ जराशी वाकली. नेमकी तेव्हाच जेवणाची घंटा झाली. कारागिरानं ती वाकडी खीळ तशीच ठोकून बसवली. मुकादमानं दार उघडून पाहिलं आणि कानांत बोटं घातली.

"हे काय रे?"

"उघडतंय ना? मिटतंय ना?"

"ते होतंय. पण ओरडतंय केवढं!"

"वापरून वापरून गप्प होईल."

मी गप्प झालो नाही. माणसं वापरून वापरून गप्प होतात, कपाटं उलट बोलायला लागतात.

मला एका नर्सबाईंनी विकत घेतलं, स्वतःच्या कमाईतून. म्हणून माझ्या मालकीणबाई त्याच. पुढे त्यांचं लग्न झालं आणि मी त्यांच्याबरोबर नव्या घरात आलो. तिथे यजमान होते. ते सिनेमांसाठी आवाज तयार करायचे. पडद्यावर हाड मोडलं की हे माइकसमोर गाजर मोडायचे. पडद्यावर कोणी चिखलात बुडालं की हे ओला टॉवेल बादलीत आपटायचे. सगळे त्यांना आवाजमास्तर म्हणत. जगातल्या प्रत्येक वस्तूचा आवाज त्यांना ओळखू यायचा, फक्त बायकोची हाक तिसऱ्यांदा ऐकू यायची.

"अहो, त्या कपाटाला तेल घाला ना," मालकीणबाई म्हणायच्या. "रात्रपाळी करून येते, डोळा लागतो न लागतो तोच तुम्ही शर्ट काढता आणि ते किंचाळतं."

"घालतो गं."

"कधी?"

"आणलं की."

तेल काही आलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट मास्तर मला समजून घेतात, असा माझा समज होता. मित्रांनो, गैरसमजाची सुरुवात नेहमी समजापासूनच होते.

त्या वर्षी मास्तरांकडे एक भयपट आला. त्याचं नाव 'तळघरातली आत्या'. एका कुटुंबाच्या तळघरात वारलेली आत्या राहते आणि कोणी जिना उतरलं की किंचाळते, अशी ती गोष्ट. अडचण एवढीच, की किंचाळी जमत नव्हती. आत्याचं काम करणारी बाई फार सौम्य होती. दोन दृश्यांच्या मध्ये ती स्वेटर विणत बसायची. ती किंचाळली, की गॅसवरचं दूध उतू गेलंय असं वाटायचं. दिग्दर्शकानं मास्तरांना बजावलं होतं, की आत्या घाबरवणारी हवी, घाबरलेली नको.

एके दिवशी दुपारी अंघोळ करता करता मास्तर मोरीतून ओरडले, "अगं, टॉवेल!" मालकीणबाई नुकत्याच आडव्या झाल्या होत्या. त्या उठल्या आणि रागारागात त्यांनी माझं डावं दार खेचलं. असा राग माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मी जीव तोडून ओरडलो.

मोरीतलं पाणी थांबलं.

"पुन्हा उघड!" आतून आवाज आला.

"टॉवेल मिळाला आता."

"टॉवेल राहू दे, दार पुन्हा उघड!"

ती सबंध दुपार माझी होती. मास्तरांनी वरच्या फळीवर, इस्त्रीच्या गणवेशांच्या मधोमध माइक ठेवला. दार कधी हळू उघडलं, कधी झटक्यात. घेतलेला आवाज त्यांनी संथ करून ऐकला आणि त्यांच्याच अंगावर काटा आला. मग त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला. "तुला मी कधी तेल घालणार नाही," ते म्हणाले. "आणि कोणी विचारलं तर छातीठोक सांगेन, आत्या म्हणजे माझं हे कपाट. शब्द दिला."

मित्रांनो, मला दुसरं काही नको होतं. पुढची सगळी वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहिली.

सिनेमा लागला. मालकीणबाई मास्तरांबरोबर पाहायला गेल्या. पडद्यावर दिवा विझला, आत्या किंचाळली, सगळं थिएटर खुर्चीला चिकटलं, आणि त्या शांततेत या मोठ्यांदा म्हणाल्या, "अगंबाई, माझं कपाट!" मास्तरांनी त्यांचा हात दाबला. घरी आल्यावर दोघं माझ्यासमोर पोट धरधरून हसली. त्या दिवशी मालकीणबाईंनी मला ओल्या फडक्यानं पुसलं. माझ्या आयुष्यातला तो एकुलता एक सत्कार.

मग एक पत्रकार मुलाखतीला आली. बैठकीची खोली माझ्या खोलीला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. तिनं विचारलं, "ती किंचाळी कशाची?" मी दारं ताठ केली.

मास्तरांनी चहाचा भुरका घेतला. मग म्हणाले, "एका जुन्या फाटकाची."

पत्रकार गेल्यावर मालकीणबाई चहाचे कप उचलत म्हणाल्या, "फाटक कुठलं हो?"

"अगं, कपाट म्हटलं असतं तर लोक हसले असते."

"हसू देत की."

"भीतीचा सिनेमा आहे तो. हसून कसं चालेल?"

फाटक पुढे वाढत गेलं. दुसऱ्या मुलाखतीत ते एका बंद पडलेल्या रुग्णालयाचं झालं. तिसऱ्या मुलाखतीत त्याला म्हातारा पहारेकरी फुटला. चौथ्या मुलाखतीत पहारेकऱ्याचे केस एका रात्रीत पांढरे झाले. पाचव्यात तो पहारेकरी मुळात जिवंतच नव्हता. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं रुग्णालयात नोकरी करतेय, असलं फाटक मला कसं नाही दिसलं?" मास्तर म्हणाले, "तुझी रात्रपाळी चुकली असेल." मला वाटलं, एखाद्या मुलाखतीत थकून तरी ते खरं बोलतील. पण खोटं बोलून माणूस थकत नाही, मित्रांनो, सरावतो.

एव्हाना त्यांची लेक मोठी झाली होती. तिला भयपटांचं वेड. सिनेमांपेक्षाही सिनेमांमागच्या गोष्टींचं. पडद्यावरचं रक्त साखरेचा पाक आणि रंग घालून करतात, कोळ्याची जाळी डिंकासारख्या चिकट पदार्थाची विणतात, धुकं यंत्रातून सोडतात, हे सगळं ती जेवताना सांगायची. आई म्हणायची, "आमटी खाऊ दे गं सुखानं." लेकीच्या मैत्रिणी तिला मोठा मान द्यायच्या. आत्याचा आवाज शोधणाऱ्या माणसाची ती मुलगी होती ना!

एकदा तिनं माझं दार उघडलं आणि ती तशीच थांबली. पुन्हा उघडलं.

"बाबा, हे अगदी आत्यासारखं ओरडतं!"

मालकीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मीही पाहत होतोच. घरात चार भिंती आणि आपली माणसं. इथे खरं बोलायला कोणता पत्रकार आडवा येत होता?

"छे, काहीतरीच," मास्तर म्हणाले. "कपाटं ओरडतातच."

कपाटं ओरडतातच! त्या दिवशी मला समजलं, की जाहीर खोट्यापेक्षा घरगुती खोटं जास्त लागतं.

पुढे गावात भयपटांवर प्रश्नमंजूषा झाली. शेवटचा प्रश्न आला, 'तळघरातल्या आत्याची किंचाळी कशाच्या आवाजातून तयार झाली?' लेकीनं घंटा दाबली आणि रुग्णालय, फाटक, पहारेकरी, पांढरे केस, सगळं एका दमात सांगितलं. ती जिंकली. तिला करंडक मिळाला. तो करंडक कुठे ठेवला, माहीत आहे? माझ्या पोटात. वरच्या फळीवर, जिथे एकदा माइक होता, बरोबर तिथे.

याहून मोठा अपमान काय व्हायचा, असं मला वाटलं. पण अपमानाच्या बाबतीत माणूस फार कल्पक आहे. सिनेमाला बरीच वर्षं झाली म्हणून त्यातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. आयोजकांनी मास्तरांकडे ते फाटक मागितलं. मास्तर एक दिवस घरातच सुतकी चेहऱ्यानं बसले. दुसऱ्या दिवशी भंगाराच्या दुकानात गेले आणि गंजलेलं एक फाटक घेऊन आले. ते प्रदर्शनात मखमली दोरीच्या आत उभं राहिलं. लोक त्याच्यासोबत फोटो काढू लागले. ते फाटक कधी काळी गोठ्याचं होतं म्हणे. त्यानं आयुष्यात फक्त गाई पाहिल्या होत्या.

मग टीव्हीवाल्यांनी कळवलं, की मास्तरांच्या घरी येऊन चित्रण करायचंय, सगळं घर दाखवायचंय. मास्तर खोलीत आले. त्यांनी माझं दार उघडलं. मी ओरडलो. त्यांचा चेहरा पडला.

बायकोनं इतकी वर्षं सांगून जे तेल घरात आलं नव्हतं, ते टीव्हीवाले येणार म्हटल्यावर अर्ध्या तासात आलं.

"अहो, हे काय करता?" मालकीणबाई दारात उभ्या होत्या.

"तूच म्हणायचीस ना, तेल घाला, तेल घाला?"

"तेव्हा माझ्या झोपेसाठी म्हणत होते. आता तुम्ही तुमच्या झोपेसाठी घालताय. आणि शब्द दिला होता तुम्ही त्याला."

"कपाटाला?"

"हो, कपाटाला. शब्द म्हणजे शब्द."

शिवणयंत्राच्या तेलाची अख्खी बाटली त्यांनी माझ्या बिजागरीत ओतली. तेल थंड होतं. टीव्हीवाले आले, त्यांनी माझं दार उघडून आतला करंडक दाखवला, आणि मी एक अक्षर बोललो नाही.

यानंतर दोन पावसाळे गेले आणि 'तळघरातली आत्या'चा दुसरा भाग निघाला. त्याचं नाव 'आत्या पुन्हा वर'. जुन्या ध्वनिफितीला बुरशी आली होती, सिनेमातल्या किंचाळीवर संगीत चढलेलं होतं. आवाज नव्यानं घ्यायला हवा होता. दिग्दर्शकानं प्रदर्शनातलं फाटक आणवलं. उघडलं. ते गोठ्यासारखं कुरकुरलं.

मास्तर घाईघाईनं घरी आले. माइक माझ्या फळीवर ठेवून त्यांनी दार उघडलं. शांतता. फडक्यानं पुसून पाहिलं. शांतता. मग त्यांनी रॉकेलनं बिजागरी धुतली, तेलाचा थेंबसुद्धा राहू दिला नाही. लेक दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, कपाटात माइक कशाला?"

मास्तर बिजागरी पुसत राहिले. मालकीणबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "त्या करंडकाला विचार," त्या म्हणाल्या.

लेकीनं करंडकाकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत हळूहळू पाणी आलं.

"म्हणजे मी सगळ्यांसमोर जे उत्तर दिलं, ते चूक होतं? आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात?"

"अगं, साधं कपाट होतं. त्यात सांगण्यासारखं काय..."

"काय म्हणजे? आईच्या कपाटानं अख्ख्या जगाला घाबरवलं! याच्याहून भारी गोष्ट मी आजवर सांगितली नाहीये, बाबा. माझ्याच घरात होती, आणि तुम्ही मला पहारेकरी दिलात!"

ती करंडक काढून घेऊन गेली. मला आत एकदम मोकळं वाटलं. मास्तर माझ्यासमोर खाली बसले. "बोल रे बाबा," ते हळूच म्हणाले. "एकदाच बोल. या वेळी सांगतो सगळ्यांना."

मित्रांनो, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. घरात एक जण पुरे आहे. रॉकेलनं माझी खीळ कोरडी ठणठणीत झाली होती. आवाज माझ्या गळ्याशी आला होता. त्यांनी दार उघडलं आणि मी तो गिळला. वाकड्या खिळीला न ओरडता फिरणं किती जड जातं, ते माझं मला ठाऊक. त्यांनी संध्याकाळपर्यंत दार उघडलं आणि मी संध्याकाळपर्यंत गिळत राहिलो.

दुसऱ्या भागात आत्या मुकी आहे. ती जिन्यावर येते, तोंड उघडते आणि काहीच ऐकू येत नाही. समीक्षकांनी लिहिलं, की दिग्दर्शकानं मौनाचा धाडसी प्रयोग केला आहे. परवाच टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत विचारलं, 'दुसऱ्या भागात आत्या का किंचाळत नाही?' स्पर्धकानं सांगितलं, 'कारण तिला मोक्ष मिळाला आहे.' उत्तर बरोबर धरलं गेलं. खरं उत्तर आहे, एक बाटली शिवणयंत्राचं तेल.

तर मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला पुसा, तेल घाला, गंजू देऊ नका. माझी विनंती थोडी वेगळी आहे. तेल घालण्याआधी ते कशासाठी घालताय, हे एकदा स्वतःला विचारा. ज्याच्या जिवावर तुमचं नाव झालं, त्याचं नाव चारचौघांत घ्या. ते साधं असलं तरी घ्या. आणि शब्द द्यायचाच असेल तर फाटकाला द्या. ते बिचारं विसरून जातं. कपाटं ठेवलेलं सगळं जपून ठेवतात.

आता थांबतो. मालकीणबाई रात्रपाळीच्या तयारीला आल्या आहेत. त्यांनी माझं डावं दार धरलं, आणि मी अगदी थोडासा, फक्त त्यांच्यापुरता, किंचाळलो.

त्यांचा हात थांबला. त्यांनी बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. मग गणवेश काढून घेत माझ्या पत्र्यावर दोन बोटं टेकवली.

"हळू," त्या कुजबुजल्या, "ते बाहेर बसलेत."