तांब्याचा धूर

"काडी नका ओढू, चाची. आधी माझं ऐका."

मेहमुदाच्या हातातली काडी तशीच राहिली. परसातल्या अर्ध्या कापलेल्या बॅरलमध्ये तिनं वायरींचा ढीग रचून ठेवला होता. मागच्या दारात रक्षिता उभी होती, हातात फाईल घेऊन.

रक्षिता म्हणजे भंगारवाल्या सोमशेखरअण्णांची मुलगी. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती. दोन महिन्यांपूर्वी ती येऊन मेहमुदाच्या कोंबड्यांची सहा अंडी आणि बॅरलजवळची थोडी माती घेऊन गेली होती. तपासायला पाहिजेत म्हणाली, तेव्हा मेहमुदानं कौतुकानं मोठी मोठी अंडी निवडून दिली होती.

मेहमुदा शिकलगार शिरोली एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत राहायची. नवरा बादशहा फौंड्रीत कामाला होता. तो गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती सोमशेखरअण्णांच्या दुकानातून जुन्या वायरी आणायची, वरचं प्लॅस्टिक जाळायची आणि उरलेलं तांबं परत पोचवायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्वाळेला हिरवी झाक आली की ती काठीनं ढीग हलवायची. तांबं कधी करपू द्यायची नाही. खोकल्याची तिला सवय झाली होती. राख निवली की कोंबड्या तिच्यात उकरत बसायच्या. सून सबिनाला सातवा महिना लागला होता, आणि रोज दोन अंडी तिच्या ताटात पडलीच पाहिजेत हा मेहमुदाचा हट्ट होता.

रक्षिता उंबऱ्यावर बसली आणि सावकाश सांगू लागली. वायरीवरच्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतो. ते अर्धवट जळालं की क्लोरीन चिकटलेले बारीक बारीक घटक धुरात सुटतात. इथपर्यंत मेहमुदाला नवल वाटलं नाही. धूर वाईट हे तिला ठाऊक होतं. पण सगळ्यात जहरी गोष्ट पुढंच होती. धूर निवायला लागला की ते घटक काजळीतल्या तांब्याच्या कणांवर येऊन बसतात आणि तिथं एकमेकांना जोडले जातात. त्यातून डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते राखेत, मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं जात नाही. कोंबडी राख टिपते, तिच्या चरबीत ते साठतं आणि तिथून अंड्याच्या बलकात येतं.

"तांबं कसं काय वाईट आसंल?" मेहमुदा म्हणाली. "तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं म्हणत्यात की."

"तांबं वाईट न्हाय, चाची. ते नुसतं जोडायचं काम करतंय. सोता हाय तसंच राहतंय."

तिनं कागद पुढं केला. त्यावरच्या एका आकड्याखाली लाल रेघ होती. अंड्यात जेवढं असलं तर चालतं, त्याच्या कितीतरी पट ते निघालं होतं. मेहमुदानं कागद हातात घेतला नाही.

"सबिनाला मीच खायाला घालत हुते," ती म्हणाली.

रक्षितानं कागद फाईलमध्ये ठेवला. मग तिनं सांगितलं की अंडी आजपासून बंद करायची, डॉक्टरांना सगळं सांगायचं. बाळाला काही होईल की नाही, हे मात्र या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. खोटा धीर न देणारं हे बोलणं मेहमुदाला पटलं. ते तिला सोसवलं मात्र नाही.

संध्याकाळी तिनं सबिनाला स्वतःच सांगितलं. सबिना भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून तिनं एवढंच विचारलं, "पयल्यापास्नं, अम्मी?"

मेहमुदानं होय म्हणून मान हलवली. त्यानंतर बरेच दिवस सबिना तिच्याशी कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या दिवशी मेहमुदानं सगळ्या वायरी हातगाडीवर घातल्या आणि दुकानात नेऊन उतरवल्या. यापुढं जाळायचं काम करणार नाही, म्हणाली. सोमशेखरअण्णांना वाटलं, दुसऱ्या दुकानदारानं तिला फोडलं. हे डोक्यात कुणी भरवलं, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मेहमुदानं पोरीचं नाव घेतलं नाही.

"तुमी न्हाय जाळलं तर दुसरं कोणतरी जाळंल, भाभी," ते शेवटी म्हणाले.

"मी सांगितलंय त्यांना, अप्पा." रक्षिता आतल्या खोलीतून बाहेर आली होती. "अंडी मीच तपासायला दिलीती. तुमी दिलेल्या वायरीचाच धूर हाय तो."

अण्णांनी मुलीकडं पाहिलं. याच तांब्यावर तिचं शिक्षण झालं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. बऱ्याच वेळानं उठून त्यांनी जाड केबलचा एक वेढा गाडीवर ठेवला. ही पात्यानं सोलता येते, म्हणाले. केसासारख्या बारीक वायरी सोलता येत नाहीत; त्या त्यांनी मागच्या शेडमध्ये टाकून वर ताडपत्री घातली.

कोंबड्यांचा प्रश्न उरला. शेजारच्या धोंडुबाईनं त्या मागितल्या. मटणाला महाग झालेल्या घरात चौदा कोंबड्या थोड्या नव्हेत. मेहमुदानं दिल्या नाहीत. मुलगा तौसीफनं त्या मारून पुरायला खोल खड्डा काढला. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढच्या सुट्टीला तौसीफनं बॅरलच्या जागेवर काँक्रीट ओतलं.

सबिनाला मुलगी झाली. वजन चांगलं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यापुढचं कुणी सांगितलं नाही आणि मेहमुदानंही विचारलं नाही. ती रोज सकाळी अंगणात बसून केबल सोलते. आगीत घटकाभरात व्हायचं ते काम आता दिवस खातं. केबल लांब असली की एक टोक पायाच्या अंगठ्यात धरावं लागतं, आणि अंगठा सोलवटून निघतो.

काल पोरीला झोळीत झोपवून सबिना बाहेर आली. ती समोर बसली, सासूच्या पायातून केबलचं टोक सोडवून घेतलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरलं. मेहमुदानं पातं लावलं आणि काळी साल सरळ रेषेत उतरत गेली.